नाहूरचा फिरता टेकू

सुलक्षणाला पहिल्यांदा दिवस गेले ते साल १९८४. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून तिचे सासरे गुणाजी सावंत नाहूरला व्याह्यांचं घर एकदा नजरेखालून घालायला आले आणि दारातच थबकले. खोलीच्या मधोमध, छताच्या तुळईखाली, एक जाडजूड टेकू उभा होता. त्याला हळदकुंकू वाहिलेलं होतं आणि त्यातल्या खिळ्यावर सुलक्षणाच्या वडिलांचा, दशरथचा, सदरा लटकत होता.

"दशरथराव, हे काय?"

"टेकू."

"ते दिसतंय मला. पण टेकू आहे तोवर माझी सून ह्या घरात बाळंतपणाला येणार नाही. राग मानू नका."

ते चहा न घेताच गेले. दशरथच्या बायकोने, रुक्मिणीने, पदर डोळ्याला लावला. मुलीचं पहिलं बाळंतपण आईच्या हातून झालं नाही तर गावाला तोंड कसं दाखवायचं? पण छत नवं करायला पैसा कुठून आणायचा? दशरथ गिरणीतून सुटला होता आणि भांडुपला एका कारखान्यावर वॉचमनची नोकरी करत होता.

देवाने ऐकलं म्हणायचं. त्याच महिन्यात सरकारने ती जुनी वस्ती सुधारायला घेतली. मोडकळीला आलेल्या घरांना दुरुस्तीसाठी अनुदान मिळणार होतं, आणि ते फेडायचंही नव्हतं. साहेब येणार, घर बघणार, कागदावर 'धोकादायक' असं लिहिणार, की झालं.

"धोकादायक म्हणजे आपलंच," रुक्मिणी खूश होऊन म्हणाली. "अख्ख्या चाळीत टेकू आहे कोणाकडे?"

सहा खोल्यांच्या त्या चाळीत टेकू एकट्या त्यांच्याकडेच होता. आणि हे बाकीच्या पाच खोल्यांनाही चांगलं ठाऊक होतं.

साहेब यायच्या दिवशी सकाळीच पहिल्या खोलीतली कुंदा मागच्या दाराने आत आली.

"वहिनी, टेकू दे ना जरा."

"काय?"

"टेकू गं. साहेब माझ्यापासून सुरुवात करणार, तुझी खोली शेवटची. तो माझ्या घरातून बाहेर पडला की लगेच आणून देते. देवाशप्पथ."

रुक्मिणीने आजवर कुणाला विरजण नाही म्हटलं नव्हतं, साखर नाही म्हटली नव्हती. टेकू नाही कसा म्हणणार? तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"अगो, पण तुळई पडतली तेचा काय?" दशरथ घाबरून म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही गिरणीत कापडाचे तागे उचलायचे ना? मग! घडीभर खांदा द्या."

दशरथ टेबलावर चढला आणि त्याने तुळईला खांदा दिला. टेकू कुंदाच्या घरी गेला.

साहेब बारीक अंगाचा, छत्रीवाला माणूस होता. त्याने कुंदाच्या खोलीतला टेकू पाहिला, च्‌ च्‌ केलं, चहा घेतला आणि 'धोकादायक' असं लिहिलं. तो पुढच्या दाराने निघाला तसा टेकू मागच्या दाराने निघाला. पण तो दशरथकडे काही आला नाही. दुसऱ्या खोलीवाल्यांनी वाटेतच धरला. "कुंदाला मिळतो, मग आम्हाला का नाही?" असं म्हणत त्यांनी तो आपल्या खोलीत उभा केला. मग तिसरीवाल्यांनी नेला. साहेब प्रत्येक घरी चहा पीत होता, आणि दशरथच्या खांद्याला मुंग्या येत होत्या.

"अहो, अजून तिसरीतच आहे," रुक्मिणी दारातून वाकून सांगत होती.

"तेका सांग, चाय नको पिऊ! पोटाक बरी नाय!"

साहेब चौथ्या खोलीकडे निघाला तेव्हा पावसाची सर आली आणि गेली. साहेबाने तिथे टेकूच्या खिळ्याला ओली छत्री अडकवली, चहा घेतला, ऊन पडलेलं पाहून छत्री विसरला आणि बाहेर पडला. टेकू छत्रीसकट पाचव्या खोलीत पोचला.

पाचवी खोली नंदकुमारची. तिचं छत खाली होतं. टेकू काही केल्या उभा राहीना. नंदकुमारने एक क्षण विचार केला आणि करवत काढली. बाहेर पडवीत त्याच्या बायकोने, शुभाने, साहेबाला खुर्चीवर बसवून ठेवलं होतं.

"आत कसला आवाज येतोय?" साहेबाने विचारलं.

"सासूबाई झोपल्यात. घोरतात."

"बापरे! डॉक्टरला दाखवा."

घोरणं थांबल्यावर साहेब आत गेला. नंदकुमार घाम पुसत उभा होता.

"आई उठल्या का?"

"आई? आई गावाला असते, साहेब, कणकवलीला."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात त्याची नजर टेकूवर गेली. त्याची स्वतःची छत्री खिळ्याला लटकत होती. तिच्यातून अजून पाणी ठिबकत होतं. साहेबाने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग छत्रीकडे, मग पुन्हा हाताकडे.

"मी इथे आधी येऊन गेलो का हो?" त्याने अगदी हळू आवाजात विचारलं.

"नाही साहेब," नंदकुमार म्हणाला. "तुमच्या आधी छत्री आली."

साहेब मटकन पाटावर बसला. त्याला पाणी दिलं. त्याने कसंबसं 'धोकादायक' असं लिहिलं, छत्री घेतली आणि पडवीच्या कठड्याला धरून उभा राहिला.

तेवढ्यात नंदकुमारच्या खांद्यावरून टेकू एकदाचा दशरथच्या घरी आला. पण तो उभा केला तर तुळईला पोचेना. चांगली वीतभर फट राहिली.

"मेल्या, काय केलंस हे?" रुक्मिणी ओरडली.

"वहिनी, चिडू नका. खाली पाट लावा. आणि वर एक वीट..."

दारात साहेब उभा होता. त्याने टेकूवरचं हळदकुंकू पाहिलं, खिळा पाहिला, बुडाला नुकतं कापलेलं लाकूड पाहिलं. मग टेबलावर, घामाने निथळणारा, मान वाकडी झालेला दशरथ पाहिला.

"हे गृहस्थ काय करतायत?"

"घर धरून आहेत," रुक्मिणी म्हणाली.

"खाली उतरा."

"साहेब, छप्पर खाली येईल!"

"मी सकाळपासून पुष्कळ बघितलं आहे. हेही बघू दे. उतरा!"

दशरथने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि खांदा काढला. रुक्मिणी किंचाळली. नंदकुमार मागच्या दाराने पळाला.

तुळईवरून एक पाल खाली पडली. बाकी काही पडलं नाही.

साहेबाने छत्रीच्या टोकाने तुळई ठोकून पाहिली. टणटणीत सागवान, दोन्ही टोकं भिंतीत घट्ट बसलेली.

"ह्या घराला काहीही झालेलं नाही," साहेब म्हणाला. "अनुदान नाही."

"असं कसं?" रुक्मिणी रडकुंडीला आली. "त्या पाच जणींचं धोकादायक, आणि जिचा टेकू ती कोरडी? त्यांचं खोडा मग!"

साहेबाने कागदांकडे पाहिलं आणि ते पिशवीत टाकले. "बाई, पाच घरांत एकच लाकूड पाहून सह्या केल्या, हे मी वर कोणत्या तोंडाने सांगू? आणि हा ओंडका आधी बाहेर काढा. उगाच डोकी फुटतील."

महिन्याभरात पाचही खोल्या उघड्या पडल्या. कौलं खाली, वासे अंगणात, सगळीकडे धूळ. पाच घरांच्या चुली दशरथच्या खोलीत आल्या. कुंदा रोज सकाळी म्हणायची, "वहिनी, तुझं घर आहे म्हणून बरं!" आणि रुक्मिणी दात ओठ खाऊन पीठ मळायची.

अशाच एका दुपारी गुणाजी सावंत परत आले. अंगणातला राडा ओलांडून ते आत शिरले. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं.

"टेकू गेला?"

"गेला," दशरथ म्हणाला.

"बाकीच्यांची कामं आत्ता सुरू झाली, आणि तुमचं झालंसुद्धा! सरकारने केलं?"

दशरथने बायकोकडे पाहिलं. रुक्मिणी खोटं बोलणारी बाई नव्हती.

"सरकारचा माणूस आला होता," ती म्हणाली. "त्यानेच काढायला लावला."

गुणाजींनी त्या दिवशी दोन कप चहा घेतला आणि पुढच्या आठवड्यात सुलक्षणाला पोचवून गेले. कार्तिकात तिला मुलगा झाला.

टेकू गेला, तरी दशरथ खोलीतून चालताना मधल्या रिकाम्या जागेला वळसा घालूनच जायचा. नातू चालायला लागला, तोही आजोबाच्या मागून तसाच वळायचा. दशरथ १९८९च्या पौषात काविळीने वारला.