हमदुल्लांचा हात

दगडाचं सौंदर्य दगडात नसतं, तो ज्या हातावर ठेवला जातो त्या हातात असतं. हे सत्य शास्त्राला अजून मान्य नाही. म्हसळ्याच्या हफ्साला मात्र ते स्वखर्चाने मान्य करावं लागलं.

हफ्साचा नवरा दोहाला. मागच्या पडवीत तिने दगड घासायचं फिरतं पिंप बसवलं होतं. त्यात ओबडधोबड अकीकचे दगड आणि वाळूसारखी पूड घातली की दिवसरात्र घरघर चाले (शेजाऱ्यांनी ती आधी सहन केली, पुढे तिच्यावाचून त्यांना झोप येईना) आणि शेवटी मधाच्या रंगाचे गुळगुळीत खडे बाहेर पडत. ते अंगठीत बसवून तिने मखमलीवर, शिंपल्यावर, फणसाच्या पानावर ठेवून फोटो काढले आणि ऑनलाइन टाकले. लोकांनी शिंपल्याची किंमत विचारली.

"अंगठी हातात दाखव की," नवरा फोनवर म्हणाला.

त्यानुसार घरातल्या हातांची रीतसर पाहणी झाली. हफ्साच्या बोटांत दगडाची पूड मुरलेली. सासूबाई रहिमुन्निसाबींच्या हातांवर मासळीच्या काट्यांपासून तव्यापर्यंत सर्वांनी सह्या केलेल्या. उरले सासरे हमदुल्ला. त्यांनी हात पुढे केला. सायीसारखा नितळ हात. त्यावर निवृत्तीनंतरचा तर नाहीच, नोकरीच्या काळातलाही एक ओरखडा नव्हता.

पहिल्याच फोटोला कुवेतपासून कल्याणपर्यंत मागणी आली.

हमदुल्लांच्या आजवरच्या वागण्याला अशी पूर्वलक्षी मंजुरी मिळाली. लोक ज्याला आळस म्हणत, ती जोपासना ठरली. नारळ सोलणे, दार उघडणे, पंख्याचं बटण दाबणे ही कामं जोखमीची म्हणून बंद झाली (ती कामं हमदुल्ला आधीही करत नसत, पण आता कारण होतं). पाण्याचा पेलाही रहिमुन्निसाबी त्यांच्या ओठांना लावू लागल्या.

"धंद्यासाठी हाय," ते नम्रपणे म्हणत.

मग मुरुडच्या शिक्षिका श्यामलाताई फेरीबोटीने दिघीला उतरून थेट घरी आल्या. मागवलेल्या अंगठीला फोटोतली चमक त्यांच्या बोटात येत नव्हती. हफ्साने अंगठी घेऊन सासऱ्यांच्या करंगळीत घातली. ती झगमगली.

"काका, हाताला काय लावता?"

"काय न्हाय."

"काहीतरी करत असालच."

"काय न्हाय करत," हमदुल्ला म्हणाले. इतकं खरं ते क्वचितच बोलले असतील.

श्यामलाताई विचारात पडल्या. घरी जाऊन त्यांनी ती अंगठी मिस्टरांच्या बोटात घातली आणि संध्याकाळी पाच तारे दिले.

रहिमुन्निसाबी ओट्यापाशी हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी तवा पालथा घातला, हात पुसले आणि येऊन नवऱ्याशेजारच्या खुर्चीत बसल्या.

"हफ्सा, बायकांच्या अंगठ्या बाप्याच्या हातात किती दिस दाखवणार? माझा हात तयार करायला घेतलाय. निदान वर्षभर काय करता येणार न्हाय." मग हमदुल्लांकडे वळून म्हणाल्या, "धंद्यासाठी हाय."

हफ्साने तोंडावर ओढणी धरली. धोरण सुसंगत होतं, नकाराला जागा नव्हती. चूल आणि भांडी हमदुल्लांकडे आली. आधी तव्याचा चटका बसला, मग सुरमईचा काटा घुसला, आणि बघता बघता त्यांचा हात चारचौघांसारखा झाला. त्यावर कुठलाही खडा रस्त्यातल्या खडीसारखा दिसू लागला. रहिमुन्निसाबी मात्र बोटं पसरून झोपाळ्यावर बसतात आणि संसारात प्रथमच भाकरी गरम असताना खातात (आकाराबद्दल त्यांचा आग्रह नाही).

तूर्त धंदा अडला आहे. सबब हफ्साने जाहीर केलं आहे: हात पाहिजे. अनुभवाची अट नाही, किंबहुना अनुभव नसावा. उमेदवाराने घरात कशालाही हात लावलेला नसावा. जिल्हाभरातून अर्ज येत आहेत, बहुतेक बायकोच्या अक्षरात (अर्जही स्वतः न भरल्याने उमेदवार अधिक पात्र धरला जातो).

आपण हे वाचत असताना शेजारी चहा आला असेल आणि कप कोण ठेवून गेलं ते पाहायला मान वर केली नसेल, तर कृपया अर्ज करू नये. आपला अर्ज आधीच आलेला आहे.