चव जायच्या आत प्लॉटवर

"स्टेशनावर चहा घ्या बाई! तोंडातली चव जायच्या आत प्लॉटवर पोहोचवलं नाही, तर नाव बदलीन!" असं सवलतसाहेबांनी फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं. नाव बदलून काय मोठा फरक पडणार होता म्हणा! खरं नाव आठवत होतं कुणाला? येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला जमिनीत सवलत, विजेत सवलत, करात सवलत असं ऐकवून त्यांच्या घशाला कोरड पडली होती. आलं मात्र कुणीच नाही. औद्योगिक वसाहतीचा नवाकोरा रस्ता तयार, प्लॉट पाडून तयार आणि प्लॉटवर कमरेएवढं गवत! आता वरून निरोप होता: या खेपेला कारखाना आला नाही, तर कार्यालयाला कुलूप आणि साहेबांची बदली पार दुसऱ्या टोकाला.

बायकोनं तर निकाल आधीच देऊन टाकला होता. "बदली झाली तर खुशाल जा. मी शाळेतली नोकरी आणि हे घर सोडून हलायची नाही. आजवर तुमच्यामागे गाठोडी बांधली, आता पुरे!"

साहेबांनी आणि एकट्यानं राहायचं? त्यांना स्वतःचे मोजे सापडत नव्हते!

येणार होती बाटल्यांच्या कारखान्याची मालकीण. तिचा जुना कारखाना शेजारच्या जिल्ह्यात, हद्दीला लागूनच. पण तिथून माल न्यायचा रस्ता असा, की निम्म्या बाटल्या वाटेतच फुटायच्या. म्हणून बाई नवी जागा शोधत होती.

एकच अडचण होती. साहेबांच्या लाडक्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ट्रक उभे असायचे. ड्रायव्हर तिथंच आंघोळ करायचे, तिथंच कपडे वाळत घालायचे. सुदैवानं ट्रकवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष म्हणजे साहेबांचा सख्खा मेहुणा.

"उद्या एकही ट्रक दिसता कामा नये!" साहेबांनी बजावलं.

"भाऊजी, तुम्ही काळजीच सोडा," मेहुणा म्हणाला. साहेबांनी सोडली. तिथंच चुकलं.

सकाळी बाई आली ती रिकाम्या बाटल्यांचा क्रेट घेऊन. तो तिनं जीपच्या मागच्या सीटवर ठेवला. "रस्ता मी कानांनी बघते," ती म्हणाली, "बाटली वाजली की खड्डा!"

चहा झाला, जीप निघाली. साहेब श्वास रोखून बसले. पहिलं वळण गेलं, उतार गेला, बाटल्या गप्प! साहेब खुलले.

"हा रस्ता पुढे कुठं जातो?" बाईनं विचारलं.

"थेट हद्दीपर्यंत! जुन्या नाक्याला लागतो," साहेब ऐटीत म्हणाले.

बाई जरा विचारात पडली. मग तिच्या कपाळावर आठी आली. "पण ट्रक कुठं आहेत?"

"एकही नाही, बाई!"

"मग माझा माल काय डोक्यावरून नेऊ?"

इंजिन तापल्याचं निमित्त करून साहेबांनी जीप थांबवली आणि झाडामागे जाऊन फोन लावला. "सोड! ट्रक सोड!"

"किती सोडू, भाऊजी?"

"सगळे सोड रे बाबा!"

मेहुणा शब्दाचा पक्का! जीप अरुंद पुलावर पोहोचते न पोहोचते तोच समोरून ट्रक, मागून ट्रक, जोडरस्त्यावरून ट्रक! पुलावर सगळे अडकले. हॉर्नचा असा गदारोळ, की क्रेटमधल्या बाटल्या उभ्या जागी किणकिणू लागल्या. साहेबांनी मागे झेप घेऊन क्रेटला मिठीच मारली. "हा खड्डा नाही, बाई! खड्डा नाही!"

बाई तोवर खाली उतरून समोरच्या ड्रायव्हरला विचारत होती, "कुठं निघालात?"

"कुणाला माहीत! सकाळपासून गोदामामागे लपून बसा म्हणाले, कुणी बाटलीवाली बाई येतेय. आता म्हणतात पळा, बाई ट्रक शोधतेय!"

संपलं! साहेबांना बायको दारातून हात हलवताना दिसायला लागली. "कोण म्हणालं?" बाईनं विचारलं. "आमचे अध्यक्ष! साहेबांचे मेहुणे!"

तेवढ्यात अध्यक्ष मोटारसायकलवरून आलेच. त्यांनी चार शिट्ट्या मारल्या, दोन शिव्या हासडल्या आणि बघता बघता पूल मोकळा! बाई त्यांना बाजूला घेऊन बराच वेळ बोलली. साहेब क्रेट कवटाळून बघत राहिले.

बाई हसतच परत आली. "ठरलं, साहेब!"

"कुठला प्लॉट देऊ, बाई?" साहेबांनी क्रेट न सोडताच विचारलं.

"प्लॉट कशाला? तुमचा रस्ता माझ्या जुन्या कारखान्याच्या दारापाशी येतो, हे मला ठाऊकच नव्हतं! इतका झकास रस्ता आणि असे ट्रक असल्यावर कारखाना हलवायचा कशाला? तिथूनच माल थेट स्टेशनावर. तुमच्या मेहुण्यांशी करार केलाय!"

कार्यालयाला कुलूप लागलं. निघायच्या दिवशी मेहुणा बाटल्या स्टेशनावर उतरवून रिकामा ट्रक घेऊन दारात हजर. "बसा भाऊजी! तुम्हाला भाड्यात पूर्ण सवलत!"

बायकोनं चहाचा कप हातात दिला. "पोहोचल्यावर फोन करा," एवढंच म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले. तिनं बांधून दिलेलं भांड्यांचं पोतं मागे ठेवलं होतं. अख्ख्या रस्त्यात एक भांडं वाजलं नाही.

हद्दीवरचा जुना नाका आला. साहेबांनी जीभ टाळूला लावून पाहिली. बायकोच्या चहाची चव अजून तोंडात होती.