दिग्गीतला सॉरीचा अंमल

दिग्गी गावात इंग्रजी भाषेचं आगमन फुलाक्काच्या भातखाचरातून झालं. जंगलखात्याचे गोरे साहेब रानडुकराच्या मागे घोडा फेकत निघाले होते. डुकराने बांध ओलांडला, साहेबांनी तो फोडला. पाणी ओढ्याला गेलं आणि कालच लावलेला भाताचा तरवा त्याच्या मागोमाग गेला. साहेबांनी टोपी उचलली, "सॉरी" म्हटलं आणि ते डुकराच्या दिशेने निघून गेले.

फुला एकटी बाई. वर्षाचा भात त्या एकाच तुकड्यात पिकायचा. ती तडक बंगल्यावर गेली. तिथे खात्याचा कारकून परशुराम याने रीतसर चौकशी केली.

"साहेब काही बोलले?"

"सोरी म्हनाले."

"मग काम झालं की, फुलाक्का! उठा आता."

"झालं म्हंजे? बांध कोन घालनार?"

"सॉरी म्हटल्यावर बांधाचा प्रश्न उद्भवत नाही. सदर शब्द उच्चारताच झालेलं नुकसान झालंच नव्हतं, असं समजण्यात येतं. ऐकणाऱ्याने 'बरं' म्हणायचं आणि घरी जायचं."

"असला शब्द हाय व्हय त्यांच्यात!" फुला थक्क झाली. "आमच्यात न्हाई बगा."

परतीच्या वाटेवर तिने राखीव जंगलात शिरून बांबू तोडले. गार्ड लखू आडवा आला.

"कुनाला इचारून तोडलंस गं?"

"सोरी," फुला म्हणाली आणि शब्दाचा नियमही तिने त्याला समजावून सांगितला. लखू सरकारी नोकर. नियम कळल्यावर त्याने "बरं" म्हटलं आणि भारा स्वतः उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.

मग गावाला धरबंध उरला नाही. उमाजीच्या म्हशीने नागूची केळ फस्त केली. उमाजी सॉरी म्हणाला. नागूने उमाजीच्या पाठीत काठी घातली आणि सॉरी म्हटलं; उमाजी कण्हत "बरं" म्हणाला. तुळजाने सासूला रिकाम्या ताटावर बसवलं, सगळा भात स्वतः संपवला आणि सॉरी म्हटलं. सासू उपाशीच हात धुऊन उठली. पंचांपुढे तंटाच येईना, तेव्हा ते सॉरी म्हणून एकमेकांची तंबाखू खात बसले.

फुलाच्या पोटाचा प्रश्न मात्र तसाच होता. बंगल्यापुढे साहेबांचं टेनिस खेळायचं मैदान होतं. सपाट, चौफेर कठडा, पाणी छान तुंबणारं. साहेब महिनाभराच्या दौऱ्यावर कारवारला गेले होते. फुलाने शेजाऱ्यांकडचा उरलेला तरवा मागून आणला आणि मैदानात नांगर घातला.

परशुराम धोतर सावरत धावला. "अगं बाई, हे टेनिसचं मैदान!"

"सोरी."

"इथं तो शब्द चालत नाही!"

"मग साहेबाचा बी चालला न्हाई. चल, बांध घालून दे."

परशुरामाने फुटलेल्या बांधाकडे जाणारा चिखल पाहिला, स्वतःच्या पंपशूकडे पाहिलं आणि तो "बरं" म्हणाला. टेनिसचं जाळं बांधलेलंच होतं, ते पाखरं हाकायला उपयोगी पडलं.

पाहुणे घेऊन, बगलेत रॅकेट मारून साहेब परतले, तेव्हा भात गुडघाभर झाला होता. त्यांनी तोंड उघडायच्या आत कठड्यावर जमलेल्या अख्ख्या गावाने एका सुरात "सोरी!" म्हटलं. पाहुण्यांच्या मडमेला हसू आवरेना. साहेब लालबुंद झाले. पण आपल्याच भाषेला दंड कसा करावा, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी वर लिहिलं. वरच्यांनी त्याहून वर लिहिलं. कागद डोंगर चढत-उतरत राहिला आणि इकडे भात पिकला, कापला, मळला, फुलाच्या कणगीत गेला.

शेवटी हुकूम आला. परशुरामाने तो गावापुढे उभं राहून वाचला: "सदर शब्द वरच्याने खालच्यास म्हणावा. खालच्याने वरच्यास 'चूक झाली, मायबाप' म्हणावं. तथापि तेवढ्याने दंड माफ होणार नाही."

"बरं," फुला म्हणाली आणि नव्या तांदळाला आधण ठेवायला घरात गेली.

पुढे साहेब गेले, हुकूम वाळवीने खाल्ला. शब्द मात्र घरोघर राहिला. वाचकहो, तुम्हीही आज तो कुणाला तरी म्हटला असेल. समोरचा मुकाट्याने "बरं" म्हणाला असेल, तर तो तुमच्याहून खालचा होता. नसता, तर त्याने भरपाई मागितली असती.