थांब्यावरचे प्रेक्षक

आमच्या गावच्या एसटी थांब्यावर रोज सकाळी सात वाजता ‘खुर्चीखाली’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमाची चर्चा होते. थांब्यावरच का, असं बाहेरगावचे लोक विचारतात. उत्तर सोपं आहे. एसटी बंद झाल्यापासून थांबा रिकामा होता, वर पत्रा होता, मागे भिंत होती, खाली सिमेंटचा बाक होता. एवढी सोय असताना मंडळ स्थापन न करणं हा शासकीय मालमत्तेचा अपमान झाला असता. मी, बद्रीनाथ, ‘खुर्चीखाली प्रेक्षक मंडळा’चा संस्थापक सचिव.

ज्यांना हा कार्यक्रम ठाऊक नाही त्यांची मला कीव येते, तरी सांगतो. रात्री उशिरा एक चष्मेवाला निवेदक येतो आणि दिवसभराच्या बातम्या सोलून काढतो. मंत्री, साहेब, ठेकेदार, कुणाला म्हणून सोडत नाही. आम्ही ते आपापल्या घरी पाहून हसतो, आणि सकाळी एकत्र जमून पुन्हा हसतो.

“त्याची खरी ताकद बोलण्यात न्हाईच,” निवृत्त शिक्षक तातेराव गुरुजी एकदा म्हणाले. “बातमी सांगून झाली की तो चष्मा काढतो अन् नुसता बघतो. त्यात सगळं आलं!”

“बराबर,” अध्यक्ष काकासाहेब म्हणाले. “आपल्या मनातलं बोलून राह्यला गडी. आपल्याला काही करायचं कामच ठेवलं न्हाई.”

या मुद्द्यावर टाळ्या पडल्या.

काकासाहेबांची मुलगी प्रियदर्शनी भोकरदनच्या कॉलेजात अकरावी सायन्सला होती. एसटी बंद झाल्यावर ती कधी दुधाच्या गाडीत बसून जायची, कधी फाट्यापर्यंत पायी. शेवटी काकासाहेबांनी निकाल दिला, “दिवाळीपर्यंत एसटी आली तर कॉलेज, न्हाई तर घरी बैस. कुणाच्याबी गाडीत बसून जाणं बिलकुल चालायचं न्हाई.” त्यांच्याकडे मोटारसायकल आहे. पण सकाळची तीच चर्चेची वेळ, आणि अध्यक्षच नसले तर सभासदांनी बघायचं कुणाकडे?

पोरगी मात्र चिवट. ती थेट आगारात जाऊन साहेबांसमोर उभी राहिली. साहेब म्हणाले, “तुमच्या थांब्यावर प्रवासीच नसतात.” ती म्हणाली, “सकाळी सातला माणूस पाठवून बघा.” माणूस आला. त्यानं जीपमधूनच पाहिलं तर थांबा गच्च, काही लोक पत्र्याबाहेर उभे. ‘सदर थांब्यावर प्रवाशांची अभूतपूर्व गर्दी असून जनतेत कमालीचा उत्साह आहे,’ असा त्यानं अहवाल दिला. उत्साह खराच होता. एका पुढाऱ्यानं एकाच पुलाचं दोनदा उद्घाटन केल्याचा भाग आदल्या रात्रीच झाला होता.

झालं, प्रायोगिक तत्त्वावर एका सकाळची बस मंजूर झाली. निम्मी भरली तर फेरी कायम. प्रियदर्शनी घरोघर फिरली. “काका, उद्या फक्त बसमधी चढा. भोकरदनला चहा घ्या अन् माघारी या.” आम्ही सगळ्यांनी शब्द दिला. कुणाच्याही मनात खोट नव्हती, हे नमूद करणं सचिव म्हणून माझं कर्तव्य आहे.

पण नेमका त्याच रात्री भाग निघाला तो एसटीवर! काय भाग होता राव! निवेदक म्हणाला, गावात बस येत नाही कारण प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत कारण बस येत नाही. मग त्यानं चष्मा काढला.

सकाळी थांब्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुजी ‘चष्मा काढण्याआधीचा विराम’ या विषयावर ऐन रंगात आलेले, तेवढ्यात बस येऊन उभी राहिली. कंडक्टर माऊली दारातून ओरडले, “चला भोकरदन, भोकरदन!”

“एक मिनिट, माऊली,” मी म्हणालो. “तेवढा मुद्दा संपू द्या.”

प्रियदर्शनी पायरीवर उभी होती. “बाबा, चढा ना! गुरुजी, जल्दी या, बस निघून जाईल!”

“आलोच गं,” काकासाहेब म्हणाले. “काल तो आगारवाल्याबद्दल काय बोल्ला, तेवढं यांना सांगतो अन् येतो.”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला, देतच राहिला. त्या आवाजात काकासाहेबांचं बोलणं ऐकू येईना, म्हणून गुरुजींनी वैतागून त्याला पुढे व्हायची खूण केली. बस गेली. पोरगी मागच्या काचेतून आमच्याकडे पाहत होती, आणि आम्ही पोट धरून हसत होतो.

दोन दिवसांनी आगाराचा निर्णय आला. ‘थांब्यावर मोठा जमाव उपस्थित असूनही एकच विद्यार्थिनी बसमध्ये चढली. उर्वरितांनी खूण करून बस पुढे पाठवली. सबब, ग्रामस्थांचा एसटीस विरोध असल्याचे स्पष्ट होत असून फेरी कायमस्वरूपी रद्द करण्यात येत आहे.’

आता बोला! ही काय रीत झाली? आगारात जाऊन जाब विचारावा अशी सूचना पुढे आली, पण जायचं कशानं, यावर ती बारगळली. शेवटी सर्वानुमते ठरलं की प्रकरण ‘खुर्चीखाली’लाच पाठवायचं.

आणि लागलं की हो! चांगली चार मिनिटं! आख्खा महाराष्ट्र आमच्या थांब्यावर हसला. आम्ही फटाके फोडले. आगाराच्या साहेबांचा स्वतःहून फोन आला, तेही नियमित प्रेक्षक निघाले. “माझी काय बिनपाण्यानं केली हो त्यानं!” म्हणत खो खो हसत होते. अशा वेळी फेरीचा विषय काढून त्यांच्या आनंदावर विरजण घालणं मला बरं वाटलं नाही.

दिवाळी झाली. प्रियदर्शनीचं कॉलेज बंद झालं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. हुशार पोरगी. एका सकाळी ती थांब्यावर आली, तेव्हा मी स्वतः उठून तिला बाकावर जागा दिली. ती बसली नाही.

“गुरुजी,” तिनं विचारलं, “टीव्हीवर किती लोकांनी पाह्यलं आपल्याला?”

“लाखांनी, पोरी, लाखांनी!”

“मंग त्यातल्या एकानं तरी आगाराला फोन केल्ता का?”

मग गुरुजी मांडीवर थाप मारून म्हणाले, “वा! विचारायची ढब बघा पोरीची! हिला पाठवा तिथं!” टाळ्यांचा कडकडाट झाला. ती गेली कधी ते कळलं नाही.

तुम्हीसुद्धा हे वाचताना चार-दोन ठिकाणी हसलाच असाल. लाजू नका. सभासदत्वाला तेवढीच पात्रता लागते. एखाद्या सकाळी या, आम्ही सरकून घेतो. आगाराचा फोन नंबर ठळक अक्षरांत लिहिलाय ना, त्याच भिंतीला पाठ टेकायला जागा करून देऊ.