दुर्गेशच्या आईचा पाटा

कवडूजी परात्यांची पहिली लादी अक्षर कोरताना फुटली, दुसरी वेलीचं पान कोरताना. आता मनीषनगरातल्या घराच्या वरांड्यात बसून ते तिसरीवर जपून छिन्नी चालवत होते.

लादी स्लेटची होती, शाळेच्या पाटीला असतो तसल्या काळ्या दगडाची. बायको, मैनाबाई, गेल्यापासून कवडूजी दिवसभर भिंतीकडे बघत बसत. म्हणून मिहानमधल्या कंपनीत नोकरीला असलेल्या मुलाने, वैभवने, मोबाईलवरून तीन लाद्या, छिन्न्या आणि हातोडी मागवून दिली. व्हिडिओ बघायचा आणि कोरायला शिकायचं. कवडूजी शिकले. बायकोच्या वर्षश्राद्धाला तिच्या आठवणीची लादी तयार ठेवायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं. वर्षश्राद्धाला पाच दिवस होते आणि लादी एकच उरली होती.

हातोडीची टकटक कंपाउंडपलीकडे गेली आणि शेजारची दुर्गेशची आई पाटा उचलून धापा टाकत फाटकात उभी राहिली.

“बरं झालं बाप्पा, भाऊजी! याले टाकी लावून द्या जी. पार गुळगुळीत झाला. मिरची वाटाले गेलं का घसरते.”

“मी टाकीवाला नोहो वैनी. मी कोरकाम शिकून राहिलो.”

“तेच तं! दगड हाय, छिन्नी हाय, हातोडी हाय. आणखी काय लागते? टाकीवाली बाई तं तीन वर्षं झाले, फिरकलीच नाही.”

“मिक्सर नाही काय घरी?”

“मिक्सरच्या ठेच्याले चव असते काय? मैनाबाईले विचारा...” म्हणता म्हणता ती थांबली.

कवडूजींनी पाटा ठेवून घेतला.

पाटा छान खरखरीत झाला. दुर्गेशच्या आईने त्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वरांड्यात सात पाटे जमले आणि ठेच्याची तारीफ ऐकून दुर्गेशच्या आईचाही पाटा ‘अजून एक हात’ मारून घ्यायला परत आला.

“बाबा, आता स्कूटी कुठं लावू?” सून दामिनीने विचारलं. “आणि आईंच्या लादीचं काय? चारच दिवस राहिले.”

“होते वं पोरी. बायका उचलून उचलून आणून राहिल्या. नाही कसं म्हणू?”

अडचण निराळीच निघाली. आठही पाटे काळे, आठही लांबट. दोन दिवसांत पाटे झाले, लादीही पुरी झाली, आणि संध्याकाळी कोणता कोणाचा ते कवडूजींना कळेना. पण त्यांनी तीस वर्षं वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात काढली होती. माल उतरला की आधी त्यावर मार्का टाकायचा, हे हातात बसलेलं. तिथे मार्का खडूने लिहायचे, इथे तर छिन्नी होती. दामिनीला एकेक पाटा ओळखायला लावून त्यांनी प्रत्येकाच्या कडेवर सुबक अक्षरांत मालकिणीचा मार्का कोरला. दुर्गेशची आई. पिंटूची आई. हिमानीची सासू. आपल्याच हुशारीवर खूश होऊन ते झोपले.

सकाळी बायका पाटे न्यायला आल्या आणि वरांड्यात एकदम गलका झाला.

“भाऊजी, हे काय लिहून ठेवलं? हा पाटा माह्या आईनं देल्ला मले. दुर्गेशनं जन्मात एक मिरची नाही वाटली याच्यावर!”

“अन् माह्या पाट्यावर सुनेचं नाव काहून?” हिमानीची सासू म्हणाली. “तिले पाटा अन् वरवंटा यातला फरक विचारा.”

“मार्का पायजे ना पण,” कवडूजी म्हणाले. “मंग काय लिहाचं होतं?”

“आमचं नाव!”

कवडूजींनी एकेकीकडे पाहिलं. घर बांधल्यापासूनच्या शेजारणी. त्यांना एकीचंही नाव येत नव्हतं.

“पाहा वं बायांनो,” दुर्गेशची आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “सव्वीस वर्षं झाले शेजारी राहून राहिलो! सिंधू नाव हाय माहं. हे सुभद्रा. हे जिजा. मैनाबाई फाटकातूनच ओरडे, ‘सिंधू, चाय ठेव वं!’”

कवडूजींनी मान खाली घातली. सिंधूताईला वाटलं आपण जास्तच बोललो. ती म्हणाली, “बरं, लादी तं दाखवा. झाली काय?”

लादी झाली होती. चारी बाजूंनी वेल, मधे सरळ, स्वच्छ अक्षरं: ‘वैभवची आई’.

कोणी हसलं नाही. त्यामुळे कवडूजींना जास्तच लाज वाटली.

“मी असंच म्हणत होतो तिले,” ते म्हणाले.

“अन् घरी कोणी नसलं तं?” सिंधूताईने विचारलं.

“तवा... ‘अवं’.”

आता मात्र बायका हसल्या. हसता हसता सिंधूताईने पदराने डोळे पुसले. “मैनाबाई मले सांगे. ‘सिंधू, एकडाव तरी यायनं नावानं बोलवावं असं वाटते. पण लाजते माणूस.’”

त्या दिवशी कवडूजी जेवले नाहीत धड. दुपारी त्यांनी लादी उलटी केली आणि कोऱ्या पाठीवर खडूने दोनच अक्षरं काढली. मग छिन्नी घेतली. ‘मै’ झालं. ‘ना’चा काना अर्धा झाला आणि लादी कट्‌कन वाजली.

कवडूजींनी डोळे मिटून घेतले. आवाज ऐकून दामिनी धावत आली.

“गेली वं पोरी. तिसरीही गेली.”

“थांबा बाबा.” दामिनीने हलक्या हाताने वरचा थर उचलला. लादी मधूनच सुटली होती, पोळीचे दोन पदर सुटतात तशी. “फुटली कुठं? एकीच्या दोन झाल्या!”

एकीवर ‘वैभवची आई’, दुसरीवर ‘मैना’. दोन्ही पातळ, दोन्ही साबूत. कवडूजींनी श्वास रोखून उरलेला काना पुरा केला.

वर्षश्राद्धाच्या सकाळी पहिली लादी दारात लागली, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी. दुसरी त्यांनी मागच्या अंगणात, मैनाबाईच्या पाट्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. दामिनी आत कढी करत होती. कवडूजींनी इकडेतिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि अगदी हळू म्हणाले,

“मैना.”

कंपाउंडपलीकडे पाट्यावरचा वरवंटा थांबला.

“आता जरा जोरात, भाऊजी!” सिंधूताई ओरडली.