परुळेकर काकांची कुमुद

आमच्या शेजारचे परुळेकर काका दगडांना फोडणी देतात. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. भाईंदर पश्चिमेला मोरव्याच्या रस्त्यावर आमची सोसायटी आहे, आणि त्यांच्या-आमच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत. सकाळी मी डबे भरत असते तेव्हा पलीकडे गॅस पेटतो, जरा वेळाने 'चर्र' असा आवाज येतो आणि काका खुशीत म्हणतात, "उघडला." आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा माझ्या नवऱ्याला वाटलं, यांच्याकडे रोज सकाळी तिसऱ्यांचे शिंपले शिजतात. रत्नागिरीकडची माणसं, असतील खात.

काका सरकारी खात्यात भूशास्त्रज्ञ होते. जुन्या समुद्रातले एका पेशीचे जीव, जे मरून दगड झाले, त्यांच्या जाती लावण्यात या माणसाचा जन्म गेला. हे जीव चपटे, गोल, शर्टाच्या बटणाएवढे. एकच पेशी आणि ती बटणाएवढी? मला आधी ही थापच वाटली होती. ते बटण चिमट्यात धरून गॅसवर लाल करायचं आणि गार पाण्यात टाकायचं, की बरोबर मधोमध उकलतं. आत चकलीसारखे वेढे असतात. ते बघून जात ठरते. काकूंची एकच अट: पापडाचा चिमटा वेगळा, दगडाचा वेगळा.

"बाहेरून काय कळतंय, आतून बघायला हवं," हे काकांचं पालुपद. ते कलिंगडाबद्दल हे म्हणतात, सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल म्हणतात, आणि माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलाच्या वडिलांच्या तोंडावर म्हणाले. तरी ते लग्न जमलं, हे आमचं नशीब. त्याच भाचीच्या साखरपुड्याला काशीमीऱ्याच्या हॉटेलात काका गायब झाले. सापडले ते हात धुवायच्या जागेपाशी, जमिनीवर पालथे. वेटरने आरडाओरडा केला, कोणीतरी कांदा फोडून त्यांच्या नाकाला लावला. काका भिंगातून फरशीच्या दगडातली तसलीच बटणं बघत होते. उठून कपडे झटकले आणि वेटरला प्रेमाने म्हणाले, "भैया, तुम जिसपे खडा है ना, वो समुंदर है." तो बिचारा घाबरून बाजूला झाला.

घरभर त्यांचे डबे. सुपारीचे, गोळ्यांचे, क्रीमचे, सगळ्यांत दगडी बटणं. त्यातली एक पितळेची डबी मात्र देव्हाऱ्याशेजारी. त्यातली छोटी जात काकांनी तरुणपणी कच्छमध्ये शोधली होती. जो शोधतो त्याने नाव द्यायचं, अशी त्यांच्याकडची रीत. काकांनी नाव दिलं 'कुमुदी'. कुमुद नावाच्या बाईवरून. आणि काकूंचं नाव सुहासिनी. झालं, आम्हा बायकांना विषय मिळाला. ही कुमुद कॉलेजातली की ऑफिसातली? काकूंच्या कानावर जायचं, पण त्या नुसत्या हसायच्या आणि भाजी निवडत बसायच्या. मला तर काकांचा रागच यायचा. ठेवा ना आठवण, पण देवाशेजारी? काही लाज?

गेल्या थंडीत तळमजल्यावरच्या हार्डवेअरवाल्या हिरजीभाईंनी कच्छहून येताना काकांसाठी गाडीत घालून एक धोंडा आणला. मग काय, सकाळ-संध्याकाळ चर्र चर्र. आणि एक दिवस ते एकदम बंद झालं.

मी काशीमीऱ्याला विम्याच्या ऑफिसात आहे. ट्रकवाल्यांचे क्लेम बघते, म्हणजे बहुतेक नाकारते. त्या संध्याकाळी घरी येतेय तर काका खाली बाकावर बसलेले. मला थांबवून विचारलं, वाईट बातमी तू लोकांना कशी सांगतेस? मी म्हटलं, पहिल्या वाक्यात. घोळ घातला की माणूस जास्त चिडतो.

मग त्यांनी सांगितलं. त्या धोंड्यात कुमुदी होती, आणि तिच्यासोबत एक मोठी जात होती, जिला कुठल्याशा परदेशी माणसाने फार पूर्वीच नाव देऊन ठेवलेलं. दोघी उकलून बघितल्या तर आतली घडण तीच. म्हणजे एकाच जातीच्या दोन पिढ्या, एक लहान राहणारी, एक मोठी होणारी. कुमुदी वेगळी नव्हतीच. आणि त्यांच्या शास्त्राचा नियम असा, की आधी दिलेलं नाव खरं, नंतरचं पुसायचं.

मी म्हटलं, मग गप्प बसा ना, कोणाला कळतंय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना दानपेटी फोडायला सांगत होते. तेव्हा मी जरा खवचटपणेच विचारलं, की त्या कुमुदबाईंना इतकं वाईट वाटेल का?

"कुमुद म्हणजे आमची ही," काका म्हणाले. "माहेरचं नाव. लग्नात आईला ते पसंत पडलं नाही. तिने सांगितलं तसं मी ताटातल्या तांदळात अंगठीने सुहासिनी लिहिलं. ही रडत होती. सगळ्यांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडतेय. एकदा तिचं नाव माझ्या हाताने पुसलंय, मेधा. आता परत पुसू?"

इतकी वर्षं मी या माणसाला काय काय म्हटलं होतं मनात.

काकांनी अर्थातच काकूंना काही सांगितलं नाही. त्याऐवजी रोज गजरा आणायला लागले. भांडी विसळायला लागले. जन्मात कधी न केलेल्या या गोष्टी बघून काकूंनी सरळ अर्थ काढला. एका रविवारी मेडिक्लेमची फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, विम्याचं तुला कळतं, यांना काय झालंय ते मला खरं सांग. आता मात्र माझं डोकं फिरलं. त्यांचा हात धरला आणि तशीच त्यांच्या घरात घेऊन गेले. काका मटार सोलत होते.

"काका, पहिल्या वाक्यात," मी म्हटलं.

काकांनी परात खाली ठेवली. "कुमुदी वेगळी जात नाही. तुझं नाव मला काढावं लागणार आहे."

काकू आधी हसल्या आणि मग रडायलाच लागल्या. "मला वाटलं, तुम्ही जाताय," म्हणाल्या.

काकांनी मान खाली घालून सगळा खुलासा केला, दोन पिढ्या, तो परदेशी माणूस, तो नियम. काकू पदराने डोळे पुसत नीट ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आधीचं नाव खरं, असाच ना तुमचा नियम?"

"हो."

"मग माझं आधीचं कोणतं?"

काकांनी मान वर केली. मी हळूच बाहेर पडले. दारातून निघताना लक्षात आलं, या माणसाच्या तोंडून 'सुहास' अशी हाक मी कधीच ऐकली नव्हती. नेहमी नुसतं 'अगं'.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "कुमुद." मग जरा मोठ्याने, "कुमुद, ऐकतेस ना?" मग कुठे काकूंनी ओ दिली.

दुपारी जिन्यात भेटल्या तेव्हा मी म्हटलं, इतक्या वर्षांनी हाक आली, सवय राहिली नसेल.

"पहिल्या हाकेलाच ऐकू आलं होतं गं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, अजून एकदा मारू दे."