सुगरणींचा मॅक्रो पोपट

एका जंगलात, बाळांनो, घरटी विणून देणारं एक खातं होतं. गोदाक्का सुगरण रोज सकाळी चाळीस विणकरांना सगळी कृती पहिल्यापासून सांगायची. सांगता सांगता तिचा घसा बसायचा.

खात्याचे प्रमुख धनेशराव. ते एकदा शहराकडून भालचंद्र नावाचा पोपट घेऊन आले.

"हे मॅक्रोवाले," ते म्हणाले. "तुम्ही आखूड शब्द टाका, हे त्याची लांब कृती करून विणकरांना सांगतील. आजपासून प्रत्येक वाक्य यांच्यामार्फतच जाईल. विणकरांनी दुसऱ्या कोणाचं ऐकायचं नाही."

गोदाक्का म्हणाली, "दार."

पोपट म्हणाला, "खालच्या अंगाला वीतभर नळी विणा, तोंड खाली ठेवा."

चाळीस नळ्या झाल्या. गोदाक्काला फार बरं वाटलं. आठवड्याभरात तिचा घसा मोकळा झाला, आणि पोपटाच्या यादीत दोनशे शब्द जमले.

मग एका दुपारी तिला एका घरट्याच्या दाराशी धामण दिसली. गोदाक्का ओरडली, "दारात साप आहे, पिलं सांभाळा."

पोपटाने यादी पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "खालच्या अंगाला वीतभर नळी विणा, तोंड खाली ठेवात साप आहे, पिलं सांभाळा."

"ठेवात म्हणजे?" एका विणकराने विचारलं.

"आदरार्थी असेल," दुसरा म्हणाला. "आधी नळी, मग साप. क्रम तसाच आहे."

सगळे विणायला बसले. धामण घरट्यात डोकं घालू लागली.

"अहो, असं काय करता?" गोदाक्का पोपटाला म्हणाली.

"तुम्ही बोललात तेच सांगितलं," पोपट म्हणाला. आणि ते खरंच होतं.

गोदाक्का मग बोललीच नाही. तिने जवळच्या विणकराचा पंख चोचीत धरून त्याला ओढत नेलं. त्याने साप पाहिला आणि किंचाळला. त्या किंकाळीसाठी यादीत शब्द नव्हता, म्हणून पोपटाने ती आहे तशी पुढे पाठवली. चाळीस जण धावले. धामण टोचून टोचून हैराण झाली नि निघून गेली. पिलं वाचली.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. पोपटाला बढती मिळाली, कारण त्याच्याकडून एकही चूक झाली नव्हती. गोदाक्काला समज मिळाली.

"'दार' हा यादीतला राखीव शब्द भलतीकडे वापरलात, वर विणकराला परस्पर ओढलंत," धनेशराव म्हणाले. "पिलं वाचली हे ठीक, पण पद्धत नव्हती."

तात्पर्य : घरात साप शिरला तर घाबरू नये. आधी यादी पाहावी, आणि त्याला यादीत नसलेल्या जागेतून यायची विनंती करावी.